आरोप छापून येतो, निकाल फाइलीत राहतो

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्याच्या बुधवार पेठेतला बुधवार वाडा पेटला. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सरकारी कामासाठी वापरायला घेतला होता. त्याच रात्री विश्रामबागवाड्यालाही आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. साहजिकच आगीचा संशय फडक्यांवर गेला आणि त्या संशयाची झळ न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत पोहोचली. त्यांची धुळ्याला बदली झाली. गावात रोज नवी कंडी पिकत होती.

जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला चालला तो राणीसरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र पुरावा म्हणून कोर्टापुढे आले. नोव्हेंबरमध्ये जन्मठेप झाली, पुढे एडनला रवानगी झाली आणि १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला. आज फडक्यांच्या मनात काय होते, त्यांनी काय केले आणि काय केले नाही, हे आपण सांगू शकतो, ते त्या वेळच्या कंड्यांच्या आधारे नव्हे. कोर्टात दाखल झालेल्या कागदांच्या आधारे सांगतो. कंड्या विरल्या, कागद उरला.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण असे, की फौजदारी कोर्टातला कागद म्हणजे वकिलांचा आणि गुन्हेगारांचा विषय, अशी आपली एक समजूत असते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पायरी चढू नये हे खरे; पण चढावी लागलीच, तर उतरताना कागद घेऊन उतरावे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही.

एक ओळखीचे उदाहरण

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण वाचकांना ओळखीचे वाटेल. २००१ सालच्या विसर्जन मिरवणुकीत बुधवार पेठेतल्या एका बोळात दोन मंडळांच्या पोरांची हाणामारी झाली. पोलिसांनी फिर्यादीत जी पाच-सात नावे घेतली, त्यांत वाड्याच्या ओट्यावर उभ्या असलेल्या एका कॉलेजकुमाराचेही नाव आले. आठ वर्षे तारखा पडल्या. पंच फिरले, फिर्यादी गाव सोडून गेला आणि २००९ साली सगळे निर्दोष सुटले. वकीलसाहेब म्हणाले, “सुटलास, आता घरी जा.” वडिलांनी जोगेश्वरीला नारळ फोडला, आईने पेढे वाटले. निकालाची नक्कल घ्यायचे कोणाच्याच मनात आले नाही.

आज त्या मुलाने चाळिशी ओलांडली आहे. तपकीर गल्लीत त्याचे दुकान आहे. मुलगी परदेशी शिकायला निघाली, तिला पोहोचवायला जावे म्हणून त्याने पासपोर्टचा अर्ज केला. पोलीस चौकशीत जुना गुन्हा निघाला. नोंदीत निकालाचा रकाना कोरा! “निर्दोष सुटलात ना? मग निकालाची प्रत आणा.” मागणी रास्त आहे, कारण फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण वकीलसाहेब केव्हाच वारले, केसचा नंबर कोणाला आठवत नाही, आणि आठ वर्षांच्या हेलपाट्यांचा घरात एकही कागद नाही.

या माणसाचा दोष कोणता? त्याने गुन्हा केला नाही, हे कोर्टाने सांगितले. फक्त ते सांगितल्याचा कागद त्याच्याकडे नाही.

आरंभ उघड, शेवट झाकलेला

आपल्या व्यवस्थेतली ही विसंगती नीट पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की प्रथम माहिती अहवाल, म्हणजे आपला ‘एफआयआर’, नोंदवल्यापासून चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी नाजूक प्रकरणे तेवढी वगळावीत. हेतू चांगला होता. आपल्यावर काय आरोप आहे, हे आरोपीला ताबडतोब कळावे, त्यासाठी त्याला कोणाच्या विनवण्या कराव्या लागू नयेत. पण त्यामुळे आरोप जगापुढे आला. पुढे तपास होऊन दोषारोपपत्र दाखल होते. ते मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही आणि सरसकट संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असे याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यालाही कारण आहे. साक्षीदारांची नावे आणि जबाब त्यात असतात.

राहिला निकाल. येथे कायद्याचा एक मासला पाहा. कैदेची शिक्षा झाली, तर निकालपत्राची प्रत आरोपीला लगेच आणि विनामूल्य द्यावी लागते, कारण त्याला अपील करायचे असते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६३ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०४ मध्ये आहे. पण जो निर्दोष सुटला त्याच्या हातात अशी प्रत आपोआप पडत नाही. त्याला अर्ज करावा लागतो. शिक्षेचा कागद चालत घरी येतो, सुटकेचा कागद मागायला जावे लागते!

यात आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. दहा वर्षांनी झालेल्या सुटकेची आली तर आतल्या पानावर चार ओळी. वाचकाच्या मनात राहते ती पहिली बातमी. म्हणूनच निकालाचा कागद, जो शेवट सांगतो, तो मिळवणे आणि जपणे हे ज्याचे त्यानेच करायचे काम होऊन बसले आहे.

दोन घरे, दोन दप्तरे

कागद शोधायला निघताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, की फौजदारी प्रकरणाची दप्तरे दोन घरांत असतात. एक पोलीस ठाण्यात, दुसरे कोर्टात.

बुधवार पेठेपुरते बोलायचे तर ठाणे म्हणजे बहुतेकांसाठी फरासखाना. पेशवाईत तंबू, जाजमे, बिछायती ठेवायची जागा ती फरासखाना. आता तेथे फिर्यादी ठेवल्या जातात! पेठेचा काही भाग विश्रामबाग ठाण्याकडे जातो. तेव्हा घटना नेमकी कोणत्या हद्दीत घडली, हे आधी ठरवावे. ठाण्याच्या दप्तरात फिर्याद आणि तिचा गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे ‘गु. र. नं.’ असतो. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. नव्या संहितेत पीडित व्यक्तीचाही हा हक्क मान्य झाला आहे. तसेच तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवले पाहिजे, अशीही तरतूद झाली आहे.

प्रत्येक गुन्हा खटल्यापर्यंत जातोच असे नाही. काही प्रकरणे पोलीस ‘समरी’ मागून बंद करतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’ समरी. तक्रार खोटी निघाली, तर ‘ब’. गैरसमजातून तक्रार झाली किंवा प्रकरण मुळात दिवाणी स्वरूपाचे निघाले, तर ‘क’. समरीवर शिक्कामोर्तब न्यायदंडाधिकारी करतात. म्हणून आपले प्रकरण खटला न होताच मिटले असेल, तर निकालपत्र शोधत बसू नये. समरी मंजूर केल्याच्या आदेशाची नक्कल मागावी.

दुसरे घर कोर्टाचे. पेठेतल्या गुन्ह्यांचे खटले नदीपलीकडे, शिवाजीनगरच्या न्यायालयात चालतात. लहान-मध्यम गुन्हे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, खून-दरोड्यासारखे सत्र न्यायालयापुढे. पण घटना कॅम्पात घडली असेल तर लष्कर कोर्ट, खडकीला घडली असेल तर खडकी कोर्ट, हे विसरू नये. चुकीच्या इमारतीत दिवस घालवणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नसते.

कोर्टाच्या फाइलीत दोषारोपपत्र, पंचनामे, साक्षीदारांच्या साक्षी, ‘निशाणी’ पडलेले कागद, निकालपत्र आणि रोजनामा असतो. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची नोंद. कोण हजर, कोण गैरहजर, तारीख का पडली, हे सगळे त्यात. खटला इतकी वर्षे का रखडला, याचे उत्तर भाषणांत शोधण्यापेक्षा एखादा रोजनामा वाचावा.

नंबर सापडला की अर्धे काम झाले

कोर्टात माणसाला नावापेक्षा नंबराने ओळखतात. फरासखान्याचा गु. र. नं. वेगळा आणि कोर्टाचा केस नंबर वेगळा. मॅजिस्ट्रेट कोर्टात ‘आर.सी.सी.’ किंवा ‘एस.सी.सी.’, सत्र न्यायालयात ‘सेशन्स केस’, असा प्रकार, मग आकडा, मग वर्ष. याशिवाय आता प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक ‘सीएनआर’ क्रमांक मिळतो. तो देशभर एकमेव असतो, त्यामुळे कोर्ट बदलले तरी खटला हरवत नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने, केस नंबराने किंवा पोलीस ठाणे व गुन्ह्याचा नंबर टाकून शोध घेता येतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत. पुढची तारीख, आदेश, निकाल यांची माहिती तेथे मिळते. ज्यांना संगणकाची सवय नाही, त्यांनी कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात विचारावे. नावाने शोधताना मात्र धीर धरावा. इंग्रजी लिपीत आपल्या आडनावाची किती रूपे होतात, हे प्रत्येक मराठी माणसाला रेशनकार्डापासून ठाऊक आहे.

जुन्या खटल्यांचे मात्र सगळेच संकेतस्थळावर सापडते असे नाही. तेथे उपाय जुनाच. आधी ठाण्याकडून गु. र. नं. आणि दोषारोपपत्र कोर्टात पाठवल्याची तारीख मिळवावी. मग कोर्टाच्या नोंदवहीत त्या सुमाराला दाखल झालेली प्रकरणे पाहण्याची विनंती करावी. घरात जुना समन्स, जामिनाचा कागद किंवा वकिलांची पावती असेल, तर त्यावर नंबर असतोच. वकील हयात नसले तरी त्यांचे कारकून किंवा ज्युनिअर असतात. वकिलाचा जुना कारकून ही एक चालती-बोलती नोंदवहीच असते.

नक्कलेचा अर्ज

नंबर मिळाला की नक्कल विभागात अर्ज करायचा. त्यात न्यायालयाचे नाव, केस नंबर, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा, हे लिहायचे. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले, की अर्ज परत येण्याची शक्यता वाढते. खर्चही विनाकारण वाढतो, कारण नक्कल फी पानांवर ठरते. निकालपत्र हवे असेल तर ‘अमुक तारखेच्या निकालपत्राची प्रमाणित नक्कल’ एवढेच लिहावे. अर्जाला कोर्ट फीचे तिकीट लागते. फीचे दर बदलत असतात, ते खिडकीवर विचारून घ्यावेत आणि भरलेल्या पैशांची पावती घ्यावी.

प्रमाणित नकलेवर सही-शिक्क्याबरोबर अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा असतात. त्यांना फार महत्त्व आहे. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस, उच्च न्यायालयात जायला साठ दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वजा होतो. पण त्यासाठी अर्ज वेळेत केलेला असावा लागतो. तेव्हा निकालाच्या दिवशीच नक्कलेचा अर्ज द्यावा, ही जुन्या वकिलांची शिकवण सोन्यासारखी आहे.

आणखी एक अडचण नेहमी येते. अपील झाले असेल तर मूळ फाइल वरच्या कोर्टात गेलेली असते. ‘रेकॉर्ड मुंबईला आहे’ हे उत्तर म्हणजे टाळाटाळच असते असे नाही. अशा वेळी अपिलाचा नंबर घेऊन अर्ज तेथे करावा लागतो.

भाषेविषयीही एक शब्द. १९९८ साली राज्य सरकारने अधिसूचना काढून मराठी ही दुय्यम न्यायालयांची भाषा ठरवली. तेव्हा अर्ज मराठीत करायला संकोचू नये. निकाल मात्र अनेकदा इंग्रजीतच हाती पडतो. घरातल्या माणसाच्या निर्दोषत्वाचा कागद वाचायला शेजारच्या पदवीधराला बोलवावे लागते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

दुसऱ्याचे प्रकरण पाहायचे असेल तर

आतापर्यंत आपण स्वतःच्या कागदाविषयी बोललो. पण जागा भाड्याने देताना, मुलीचे लग्न ठरवताना, भागीदार घेताना दुसऱ्याची माहिती हवी असते. संशोधक आणि पत्रकारांनाही ती लागते. त्यांना हक्क आहे का?

न्याय उघड्यावर झाला पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे पक्के आहे. त्यावरचा १९६६ सालचा गाजलेला निवाडा मुंबईचाच. एका साक्षीदाराची साक्ष वर्तमानपत्रांत छापू नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयात झाला आणि नरेश श्रीधर मिरजकर आदी पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींपुढे प्रकरण चालले. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिले. खटला उघड चालणे हा नियम. पण न्यायाच्याच हितासाठी कोर्टाला अपवाद करता येतो, असे त्याचे सार. पत्रकार हरले, पण तत्त्व अधोरेखित झाले.

कागदांच्या बाबतीतही तेच सूत्र आहे. ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे, त्याला नक्कल मिळते. त्रयस्थाला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, कारण सांगून आणि परवानगी घेऊन ती मागावी लागते. माहितीच्या अधिकाराने हा रस्ता जवळचा होईल, असे अनेकांना वाटते. पण मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटल्यातल्या कागदांसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम आहेत, तर त्याच मार्गाने यावे. पोलिसांच्या आणि प्रशासनाच्या दप्तराबाबत मात्र माहितीचा अधिकार उपयोगी पडू शकतो.

काही पाने कोणालाही उघडता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. बालकांच्या प्रकरणांतही नावे गुप्त राहतात. बुधवार पेठेत हे विशेष आठवावे लागते. या पेठेच्या काही गल्ल्यांतून धाडी पडतात, त्या वेळी सोडवलेल्या किंवा पकडलेल्या बायकांचे चेहरे कॅमेऱ्यासमोर येतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि धाडीच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होता कामा नये. ज्या पेठेत १८४८ साली भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तिचा नुसता पत्ता सांगितला तरी भुवया उंचावतात. कागद न वाचता माणसाला तोलण्याचा हा आपला जुनाच रोग आहे.

म्हणून दुसऱ्याच्या नावाने शोध घेणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नव्हे. एका नावाची चार माणसे एका पेठेत असतात. आणि गुन्ह्याची नोंद सापडली की थांबू नये, शेवटच्या पानापर्यंत जावे. अर्धा कागद वाचण्यापेक्षा न वाचलेला बरा.

कागदालाही आयुष्य असते

कोर्टाचा कागद अमर नसतो. निकालानंतर फाइल अभिलेख कक्षात जाते. तेथे कागदांची वर्गवारी होते. काही कागद दीर्घकाळ जपले जातात, बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. जागा अपुरी, ढीग मोठा. सगळेच ठेवणे शक्य नाही. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तान्त आज घरबसल्या वाचता येतात. आपल्याकडे मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या किरकोळ मारामारीच्या खटल्याची फाइल मिळेलच, अशी खात्री देता येत नाही.

फाइल नष्ट झाली असेल तर निराश होऊन नुसते परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा आणि उत्तरही लेखी मागावे. ‘अभिलेख नष्ट’ हा शेराही एक पुरावाच असतो. नोंदवहीत खटला निकाली निघाल्याची नोंद असेल तर तिचा उतारा मिळेल का, हे विचारावे. आपल्या कल्पित दुकानदाराची आशा आता एवढ्यावरच आहे.

तरुणांच्या आईबापांसाठी आणखी एक सूचना. नोकरीच्या फॉर्मात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा प्रश्न असतो. सुटलोच आहोत, मग कशाला लिहायचे, असा मोह होतो. तो टाळावा. २०१६ साली अवतार सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. ती दडवल्यास नोकरी जाऊ शकते, गुन्हा किती किरकोळ होता हे मात्र मालकाने पाहावे. खरे लिहावे आणि सोबत निकालाची प्रत जोडावी. खरे लिहिण्याचे धैर्य कागदामुळे येते.

काय व्हायला हवे?

मागण्या फार मोठ्या नाहीत. निर्दोष सुटलेल्यालाही निकालाची एक प्रत त्याच दिवशी, न मागता मिळावी. निकाल लागला की तो ठाण्याच्या नोंदीत चढलाच पाहिजे. ज्या संकेतस्थळावर आरोप चोवीस तासांत झळकतो, तेथेच त्याचा शेवटही लिहिला जावा. जुन्या फाइली नष्ट करण्यापूर्वी निदान निकालपत्रे संगणकावर उतरवून घ्यावीत. यासाठी क्रांती नको, थोडी शिस्त हवी.

तोवर आपण एक करू शकतो. प्रत्येक घरात एक लोखंडी कपाट असते. त्यात वाड्याचा उतारा, विम्याची पॉलिसी आणि मुलांचे दाखले पिशवीत गुंडाळून ठेवलेले असतात. घरातल्या कोणाला कधी कोर्टाची पायरी चढावी लागली असेल, तर त्या निकालाची नक्कलही त्याच पिशवीत ठेवावी. फाइल अजून जिवंत असेल, तर येत्या सोमवारीच अर्ज करावा.